तोडणी चिठ्ठीवर तिचेही नाव असावे : साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व संचालक,
महाराष्ट्रातील सहकारी व खासगी साखर कारखाने

विषय : ऊसतोडणीचा करार आणि हिशेब ‘कोयत्या’च्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या, नावे न ठेवता प्रत्येक मजुराच्या स्वतंत्र नावे ठेवण्याबाबत.

सन्माननीय महोदय/महोदया,

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या शेती खात्यात स्लिपबॉय, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या फाडणारा, म्हणून लागलो आणि गट कार्यालयातला लेखनिक म्हणून निवृत्त झालो. मधल्या काळात माझ्या हातून तोडणीच्या किती चिठ्ठ्या फाटल्या, याची मोजदाद मला करता यायची नाही. त्या चिठ्ठीवर काय काय असते, हे आपल्यापैकी शेती समितीवर बसणाऱ्यांना ठाऊकच आहे, तरीही एकदा उजळणी करतो. सभासदाचे नाव आणि क्रमांक, गाव, गट, लागणीची तारीख, ऊस आडसाली आहे की खोडवा, जात को ८६०३२ आहे की दुसरी एखादी, वाहनाचा क्रमांक, वाहतूकदाराचा कोड, मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाचा कोड आणि काट्यावर गेल्यावर भरलेल्या व रिकाम्या गाडीचे वजन. उसाची जात लिहायला रकाना आहे. तो ऊस ज्या बाईने पहाटे थंडीत उठून तोडला, तिचे नाव लिहायला मात्र चिठ्ठीवर जागा नाही, आणि करारात किंवा हिशेबाच्या वहीतही ती सहसा सापडत नाही. हे पत्र तेवढ्या एका नावासाठी आहे.

एका हंगामातली हकिकत सांगतो. माझ्या गटातल्या एका डोकी सेंटरच्या (मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रक भरणाऱ्या) टोळीत बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून आलेले एक जोडपे होते. डिसेंबरात नवऱ्याला कावीळ झाली आणि तो कोपीत (फडावरच्या झोपडीत) पडून राहिला. बाईने गावाकडून आपल्या विधवा बहिणीला बोलावून घेतले आणि दोघींनी मिळून तोडणी चालू ठेवली. ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायची आणि गाडी रात्री उशिरा लागली तर पुन्हा झोपेतून उठून भरायची, हे सगळे दोघींनी जवळजवळ अडीच महिने केले. नवरा फेब्रुवारीत वारला. हंगाम आटोपल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, “भाऊ, माझं किती टन झालं तेवढं कागदावर लिहून द्या.” मी रजिस्टर उघडले. कोयता क्रमांक सात, नाव नवऱ्याचे, टनेज सगळे मुकादमाच्या कोडवर. तिला मी मुकादमाकडे पाठवले. मुकादमाने उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) इतकी, खाड्याची (चुकलेल्या दिवसांची) कपात इतकी, दवाखान्याला दिलेले इतके असा हिशेब तोंडी सांगितला आणि शेवटी जी बाकी निघाली ती तिच्या माथी लावली. कमाईच्या वेळी जिला नाव नव्हते, तिला देण्याच्या वेळी बरोबर नाव मिळाले. पुढच्या हंगामात ती बाकी फेडायला ती पुन्हा आली, ‘अर्धा कोयता’ म्हणून. करण्यासारखे माझ्या हातात काही नव्हते, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. आता ते मलाच तितकेसे पटत नाही.

ही एका मुकादमाची किंवा एका कारखान्याची गोष्ट असती, तर मी आपणा सर्वांना उद्देशून लिहिले नसते. हा दोष मोजमापाच्या एककातच आहे. आपल्या धंद्यात मजूर माणसांत मोजले जात नाहीत, ते कोयत्यांत मोजले जातात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्यावर ठरते, ती पुरुषाच्या हातात पडते आणि तिच्या कागदावर असलाच तर पुरुषाचा अंगठा असतो. एकटा पुरुष किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा टोळीत घेत नाही, कारण एक तोडत असताना दुसऱ्याने मोळी बांधली नाही तर गाडी वेळेत भरत नाही. कामाच्या अंगाने पाहिले तर यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. परंतु जोडीने काम करणे वेगळे आणि जोडीला एकच माणूस धरून हिशेब ठेवणे वेगळे. या दोहोंची गल्लत आपण गेली कित्येक दशके सोयीस्करपणे करत आलो आहोत.

या गल्लतीचे परिणाम फडापुरते राहिलेले नाहीत. मुलगा सतरा-अठरा वर्षांचा झाला की आईबापांना दिसते की एकट्याने गेला तर अर्धी उचल आणि लग्न करून गेला तर पूर्ण. मुलीच्या घरी वेगळीच विवंचना असते. वयात आलेल्या मुलीला सहा महिने गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचे, आणि कोपीला दार नसताना तिला फडावर तरी कसे न्यायचे? दोन्ही घरांचे उत्तर मग एकच निघते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यात २० ते २४ वयोगटातल्या साधारण २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचे आढळले, तर बीड जिल्ह्यात हेच प्रमाण ४३ टक्क्यांच्या वर होते. सगळाच दोष ऊसतोडीचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण हुंडा, मुलींच्या सुरक्षिततेची धास्ती आणि आठवीनंतर लांब गेलेली शाळा ही कारणेही आहेतच. तरीसुद्धा ज्या जिल्ह्यातल्या तालुक्यांमधून दिवाळीच्या आसपास गावेच्या गावे ओस पडतात, तिथे जोडीला दुप्पट भाव देणारी पद्धत मुलीच्या लग्नाचे वय खाली ओढत असणार, हे समजायला फार विद्वत्ता लागत नाही. लग्ने रोखायला सरकारने २००६ चा कायदा केला आहे, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घोषणाही रंगवलेल्या आहेत. पण त्या लग्नांमागचा जो आर्थिक हिशेब आहे तो आपल्या कार्यालयात बसवलेला आहे, आणि तो आपणच बदलू शकता.

खाड्याचेही तसेच. एक दिवस काम चुकले की कोयत्याच्या खात्यातून दंड कापला जातो, आणि कित्येकदा तो त्या दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त असतो. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर बाई घरी राहिली तरी खाडा पडतो, आणि तो नवऱ्याच्या हिशेबात दिसत असल्यामुळे तिच्या दुखण्याची किंमत घरातच तिच्याकडून वसूल होते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजार ८०० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे समोर आले. त्या बायका डॉक्टरांपुढे ‘कटकट नको’ म्हणून बसल्या असतील, काहींना खरोखर आजार असेल, काहींना कर्करोगाची भीती घालून फसवले गेले असेल. पण चार दिवस विसावा घेणे ज्या कामात परवडत नाही, त्या कामाचा या आकड्याशी काही संबंध नाही असे आपल्यापैकी कुणी छातीठोकपणे म्हणेल, असे मला वाटत नाही.

यावर आपले नेहमीचे उत्तर मी असंख्य बैठकांतून ऐकलेले आहे : “ते आमचे कामगार नाहीत, ते मुकादमाचे.” करार वाहतूकदाराशी होतो, वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम मजूर आणतो, आणि पुष्कळ ठिकाणी या व्यवहारासाठी तोडणी-वाहतुकीची वेगळी संस्था कागदोपत्री उभी केलेली असते. तिची पाटी वेगळी, टेबल मात्र कारखान्याच्याच आवारात, आणि त्या टेबलावर बसणारा माझ्यासारखा माणूस कारखान्याचाच. कुठल्या फडाला कधी कोयता लावायचा हे लागणीच्या तारखेवरून आपण ठरवता. टोळी एका गावातून उचलून दुसऱ्या गावात कधी हलवायची हे आपला शेती अधिकारी सांगतो. तोडणीचा दर राज्य साखर संघाच्या पातळीवर कामगार संघटनांशी बोलून ठरतो, आणि ज्या महामंडळाला टनामागे १० रुपये द्यायचे ते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, मुकादम कल्याण महामंडळ नव्हे. काम आपण नेमून देता, दर आपण ठरवता, कल्याणाचा निधी आपण भरता, आणि तरी ही माणसे आपली नव्हेत, हे म्हणणे कायद्याच्या भाषेत कुठवर टिकते ते वकील जाणोत. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ऊसतोड मजुरांच्या स्थलांतराची स्वतःहून दखल घेतली आहे, एवढे इथे सांगितले तरी पुरे.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि मुकादमांचे कमिशनही एक टक्का वाढून २० टक्क्यांवर गेले. ही वाढ लढून मिळालेली होती आणि ती हवीच होती. पण त्या बैठकीच्या आधी वा नंतर, वाढलेल्या पैशांतला कोणता वाटा कोणाच्या खात्यावर जाणार, हा विषय कुणी काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. संघटनांनीही तो नेटाने धरला नाही, हेही नोंदवले पाहिजे. दर वाढला, चिठ्ठी तशीच राहिली.

शेतकऱ्याच्या बाबतीत आपले वहीखाते किती चोख असते ते मी स्वतः सांभाळलेले आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने त्याला ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळण्याचा आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याजाचा हक्क दिला. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये एफआरपी (केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर) होती. तीतून तोडणी-वाहतूक वजा होऊन पंधरवड्याचे बिल बँकेत जमा होते, आणि सभासदाला त्याचे छापील विवरण मिळते. ही शिस्त शेतकरी संघटनांच्या आंदोलनांनी आपल्याला लावली, तीही रस्त्यावर टायर जळल्यानंतर. ज्या तोडणीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून पैशापैशाने कापला जातो, त्या तोडणीचा पैसा पुढे नेमका कुणाला पोचला, याची पावती मात्र साखळीच्या शेवटच्या टोकाला कुणाकडेच नसते. मजुराला आठवड्याच्या बाजाराला थोडी खर्ची मिळते. बाकीचा हिशेब थेट हंगामाच्या अखेरीस, आणि तोही तोंडी.

हंगाम किती दिवस चालेल हे मजुराच्या हातात नसते. २०२१-२२ साली ऊस एवढा होता की जून उजाडला तरी कारखाने चालू होते आणि माणसे उन्हाने करपलेल्या फडात राबत होती. २०२४-२५ मध्ये निवडणुकांमुळे हंगाम नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू झाला, ऊस कमी पडला, राज्याचे साखर उत्पादन आदल्या हंगामातल्या सुमारे ११० लाख टनांवरून ८० लाख टनांच्या आसपास उतरले आणि बरेच कारखाने लवकर बंद झाले. लाखभराची उचल घेतलेल्या जोडीने दिवसाला दोन टन तोडले, तरी तीन महिन्यांत ती कशी फिटणार? फिटली नाही की पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे ओघाने आलेच. वेठबिगारीविरुद्धचा १९७६ चा कायदा आगाऊ रकमेपोटी माणूस अडकवून ठेवण्याला काय म्हणतो, ते आपल्या विधी सल्लागारांना एकदा जरूर विचारावे. माणसे उचल हौसेने घेत नाहीत. डोंगरातली दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीन-कापसाचा न पुरणारा पैसा आणि थकलेले पीककर्ज असताना लग्नाला, दवाखान्याला, घरावरच्या पत्र्यांना ऑगस्ट-सप्टेंबरात रोख रक्कम देणारा त्या मुलखात मुकादमाखेरीज दुसरा कुणी नाही. उचल बंद करा, असे म्हणूनच मी म्हणत नाही. ती कुणी घेतली, किती घेतली आणि किती फेडली, हे घेणाऱ्याच्या स्वतःच्या नावावर लिहा, एवढेच म्हणतो.

आपली एक तक्रार रास्त आहे. मुकादमांनी उचली घेऊन टोळ्या आणल्या नाहीत आणि कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेले वाहतूकदार बुडाले, असे प्रकार दरवर्षी घडतात. आपल्याच गावातली ओळखीची पोरे त्यात देशोधडीला लागलेली मी पाहिली आहेत. पण हे का घडते? वीस जोड्यांचे पैसे एका माणसाच्या हातात एकरकमी दिले जातात, आणि त्या वीस जोड्यांतल्या चाळीस माणसांपैकी एकाचीही खात्री कुणी केलेली नसते, म्हणून. तीच रक्कम चाळीस खात्यांवर गेली, तर एकाच जोडीच्या नावावर तीन मुकादमांनी उचल घेण्याचा धंदा आपोआप उघडा पडेल. स्वतंत्र नावाचा पहिला फायदा कदाचित मजुराच्याही आधी आपल्या वाहतूकदाराला होईल.

हे अशक्य आहे असे कुणी म्हटले, तर महाराष्ट्राने हेच काम पूर्वी तीनदा करून दाखवले आहे, याची आठवण द्यावीशी वाटते. प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा त्याचा आधारच असा होता की एका भागाच्या छोट्या शेतकऱ्याचेही नाव भागधारकांच्या यादीत लागेल आणि त्याला एक मत असेल. १९६९ च्या माथाडी कायद्याने बाजारपेठांतली टोळी मोडली नाही. तिच्यातल्या प्रत्येक हमालाची नोंद मंडळाकडे झाली आणि मालकाने मजुरी मंडळात भरायची, असा रिवाज पडला. आणि रोजगार हमी तर या राज्याने देशाला दिली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आलेल्या बायांची नावे हजेरीपटावर स्वतंत्र लागली, पुढे १९७७ च्या कायद्याखाली त्यांना पुरुषांइतकीच मजुरी मिळाली. रोजगार हमीच्या कामावर जिचे नाव होते, तीच बाई साखर कारखान्याच्या फडात आली की ‘कोयता क्रमांक सात’मधला निम्मा भाग होते. हा प्रवास उलटा झाला आहे, आणि तो सहकाराच्या अंगणात झाला आहे, याचे मला जास्त वाईट वाटते.

करायचे काम फार मोठे नाही. आजकाल बहुतेक कारखान्यांत लागणीची नोंद मोबाइलवर होते. त्याच यंत्रणेत टोळीतल्या प्रत्येक मजुराचे नाव, महामंडळासाठी ग्रामसेवकाने दिलेल्या ओळखपत्राचा क्रमांक आणि बँक खाते नोंदवता येईल. जोडीने तोडलेल्या उसाचे टनेज दोघांच्या नावे निम्मे-निम्मे टाकावे. शेतकऱ्याचे बिल निघते त्याच पंधरवड्याला मजुराचे बिल काढून, उचलीचा ठरलेला हप्ता वजा करून, उरलेले थेट खात्यावर भरावे आणि हंगाम संपताना बाकी किती ते सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावे. खाडा बंद करावा. टनावर मजुरी मिळणाऱ्या माणसाने काम केले नाही तर त्याला मजुरी मिळत नाही, तेवढी शिक्षा पुरेशी आहे. मुकादमाचे कमिशन त्याला वेगळे द्या, त्याची टोळी त्याच्याकडेच राहू द्या. बायकोचे एटीएम कार्ड शेवटी नवऱ्याच्याच खिशात जाईल, असे कुणी हसून म्हणेल, आणि पुष्कळ घरांत ते खरेही होईल. पण पासबुकावर आकडा राहील, आणि माझ्या टेबलापाशी आलेल्या बाईला हवा होता तो नेमका तेवढाच आकडा होता.

‘दहा वर्षांत सगळी तोडणी हार्वेस्टरने होईल, आता हा खटाटोप कशाला,’ असेही काही संचालक खासगीत म्हणतात. सरकारने ९०० ऊसतोडणी यंत्रांना अनुदान देण्याची योजना काढली, यंत्रे वाढतही आहेत. पट्टा रुंद असेल, रान सपाट असेल आणि ऊस लोळलेला नसेल तिथे ती चालतात. वीस-तीस गुंठ्यांच्या तुकड्यात आणि ओल्या रानात अजून कोयताच लागतो, आणि आणखी काही वर्षे लागेल. तरीही समजा यंत्रे आलीच. तेव्हा पंचवीस-तीस हंगाम तोडणी केलेल्या बाईने, मी या धंद्यात होते, मला पुनर्वसनाची मदत द्या, पेन्शन द्या, असा अर्ज केला, तर पुरावा म्हणून ती काय जोडणार? गिरणी बंद पडली तेव्हा कामगाराकडे निदान हजेरीचे कार्ड होते. हिच्याकडे पाठीचे दुखणे आणि हाताला पडलेले घट्टे यांपलीकडे काही नसेल. यंत्रे येण्याचा काळ जितका जवळ, तितकी ही नोंद आज होणे निकडीचे आहे.

आपल्या वार्षिक सभा सप्टेंबरच्या सुमारास होतात, आणि तोडणी-वाहतुकीच्या करारांचे कागद त्याच्या बरेच आधी छापायला जातात. म्हणून माझी विनंती अशी की, येत्या हंगामाच्या करारपत्राचा आणि तोडणी चिठ्ठीचा नमुना मंजुरीसाठी संचालक मंडळापुढे येईल, तेव्हा त्यात ‘तोडणी मजुरांची नावे’ हा रकाना घालून घ्यावा, आणि त्यात दोन ओळी ठेवाव्यात. सगळ्या गटांत एकदम जमत नसेल तर प्रत्येक कारखान्याने आधी एका गटात करून पाहावे. अशा चिठ्ठीचा एक नमुना मी हाताने आखून ठेवला आहे. ज्या कारखान्याचे शेती अधिकारी बोलावतील, तिथे तो घेऊन स्वखर्चाने यायची माझी तयारी आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
शेती खात्यातील एक निवृत्त लेखनिक